तकरार

माझा लॅपटॉप हरवला नाही, चोरीला गेला. त्या आठवड्यात हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं की लोक मला पाहून रस्ता बदलत असतील. बदलत असतील तर मला कळलं नाही, एवढी एक सोय मला आहे.

मला जन्मापासून दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या ऑफिसात माझ्याबद्दल लोकांना एवढी एकच गोष्ट माहीत होती आणि तेवढ्यावरच त्यांनी निकाल लावला. मी अनुश्री वैरागडे, वय एकोणतीस, रायपुरात शंकर नगरच्या एका सरकारी ऑफिसात सहायक. नोकरी लागली तेव्हा पहिली दोन वर्षं मला कोणी कामच दिलं नाही. पाण्याच्या कॅनजवळ एक खुर्ची होती, ती माझी. साडेदहाला यायचं, खुर्चीवर बसायचं, साडेपाचला जायचं. काम मागितलं की, "बैठिए मैडम, आराम कीजिए." आराम करून करून माझी कंबर धरली. अकरा अर्ज केले तेव्हा कुठे एक टेबल आणि एक लॅपटॉप मिळाला.

स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मी त्यात टाकून घेतलं. आलेली पत्रं तो मला वाचून दाखवायचा, उत्तरं मी टाइप करायची. मी दहावीपर्यंत नागपूरला अंधशाळेत होते, कानाला मराठीची सवय, म्हणून आवाज मराठी ठेवला. पत्रं सगळी हिंदी, पण आमचा गडी ती वाचणार अस्सल नागपुरी मास्तरासारखी. ऑफिसातल्या लोकांना त्याची फार गंमत वाटे. मी जागेवर नसले की येता-जाता कोणीतरी बटणं दाबून त्याला बोलायला लावी. मी सरळ लॅपटॉपवरच्या माझ्या खात्याचं नावच बदललं. त्यानंतर लॅपटॉप उघडला की पासवर्ड विचारण्याआधी तो खणखणीत आवाजात म्हणायचा, "हात नको लावू."

तर तो मंगळवार. दुपारी जेवण झाल्यावर डबा धुवायला गेले. दहा मिनिटांनी परत आले, टेबलावर हात ठेवला, आणि हाताखाली नुसतं टेबल. चार्जर होता, इयरफोन होता, लॅपटॉप नव्हता.

मग सुरू झालं. मॅडम, ड्रॉवरमध्ये बघा. मॅडम, बाथरूममध्ये नेला होता का. मॅडम, घरीच विसरला असेल. डोळस माणसं चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. आमच्यासारख्यांना वस्तू कुठेही ठेवून चालत नाही. माझ्या टेबलावर टाचणीचीसुद्धा जागा ठरलेली आहे. पण तासाभरात सगळ्यांचं एकमत झालं की मी तो कुठेतरी ठेवून विसरले.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. समोर एक कागद सरकवला आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवलं: मेरी असावधानी के कारण कार्यालय का लैपटॉप गुम हो गया है. सोमवारी ऑफिस नव्या रायपूरला हलणार होतं, त्याआधी सगळे कागद साफ हवे होते. नव्या इमारतीत माझी बसायची व्यवस्था काय, असं मी विचारलं. साहेब फार मायेनं म्हणाले की स्वागत कक्षात एक चांगली खुर्ची ठेवू. शिपायानं माझा अंगठा धरून शाईच्या पॅडकडे नेला. मी हात ओढून घेतला. मला सही येते, आणि ती मी या कागदावर करणार नाही, असं सांगून बाहेर आले. त्या खुर्चीवर परत बसायचं या विचारानंच मला रडू फुटत होतं, पण जिन्यात रडले, साहेबांपुढे नाही.

जिन्यात नरहरकाका भेटले. स्टोअर त्यांच्याकडे. बूढापाऱ्यातलं त्यांचं घर भोसल्यांच्या वेळेपासूनचं, हे ते कोणालाही पाचव्या मिनिटाला सांगत. ऑफिसात माझ्याशी मराठीत बोलणारे तेवढे एकच. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "वैरागडे म्हणजे आपलीच पोर." एकादशीला त्यांच्या डब्यातली अर्धी साबुदाण्याची खिचडी माझी असायची. लॅपटॉप आला तेव्हा खोक्यातून काढून माझ्या टेबलावर ठेवला तोही त्यांनीच. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, करून टाक सही बेटा, साहेब चांगले आहेत, पुढे-मागे दुसरा मिळेल, मी आहे ना. मी म्हटलं, काका, तो चोरीला गेलाय. ते म्हणाले, असेलही बेटा, पण मानणार कोण?

बुधवारी मी थान्यात, म्हणजे पोलीस ठाण्यात गेले. बरोबर बाबा होते. माझे बाबा मारोती वैरागडे, रेल्वेत पॉइंट्समन होते. उभा जन्म साहेबांच्या झेंड्याकडे बघून सांधे बदलण्यात गेला, त्यामुळे खाकी कपडा दिसला की त्यांचा आवाज आपोआप बारीक होतो. अर्ज मी आदल्या रात्री मोबाइलवर बोलून-टाइप करून लिहिला होता आणि सकाळी दुकानातून छापून घेतला होता. मुन्शीनं, म्हणजे थान्यातल्या कारकुनानं, तो घेतला, वाचला, आणि हसायला लागला. शेजारच्यालाही दाखवला. तोही हसला.

"मैडम, तकरार करनी है आपको? किससे करेंगी?"

मला आधी कळेना. मग डोक्यात उजेड पडला आणि कानशिलं तापली. अर्जाच्या वर मी ठळक अक्षरात लिहिलं होतं, "तकरार". मराठीत आपण तक्रार करतो, कोणी तकरारही म्हणतं, हिंदीवाले शिकायत करतात. हिंदीत तकरार म्हणजे भांडण. नागपूरच्या शाळेत अर्ज लिहायला शिकले, ते बोटांत बसलेलं. एरवी ऑफिसात मी रोज शिकायत शब्द टाइप करते. पण राग आला की माणूस आपल्या भाषेत रागावतो. मी दुरुस्त करते म्हटलं, तोवर मुन्शीनं रोजनामच्यात ओढलंही होतं: आवेदिका की अपने कार्यालय से तकरार. चोरी नाही, गुम नाही, भांडण. बाबा माझी बाही ओढत म्हणाले, चाल बेटा, होऊन गेलं ना.

स्वतःवरच इतकी चिडले होते की घरी येऊन जेवलेही नाही.

पण गंमत बघा. चोरीचा अर्ज असता तर तो फायलीत जाऊन निजला असता. भांडण म्हटल्यावर गुरुवारी सकाळी हवालदार ऑफिसात हजर. सरकारी ऑफिसात एका आंधळ्या बाईशी भांडण झालंय, उद्या पेपरात आलं तर कोण निस्तरणार, म्हणून त्याला घाईनं पाठवलेलं. साहेब संतापले. इथे कसलंही भांडण नाही, म्हणाले. हवालदार म्हणाला, नसेल, पण मला लिहून न्यायचंय, त्या दिवशी इथे कोण कोण होतं ते सांगा. त्यानं गेटवरच्या गार्डला रजिस्टर घेऊन वर बोलावलं आणि मंगळवारचं पान वाचायला लावलं. गार्ड अडखळत वाचू लागला. कुरियरवाला. पाण्याचे कॅन. दोन लोक अर्ज द्यायला. मग, "एक बजके पचास मिनट, मेटाडोर, शालिग्राम कबाड़ी, बीरगांव, पुराना कंप्यूटर ले गया."

कोणी लक्ष दिलं नाही. हवालदार साक्षीदार शोधत होता, मेटाडोरशी त्याला काय करायचं होतं. पण मी एक पन्नासला नळापाशी डबा घासत होते. आणि माझं टेबल स्टोअरच्या दाराला लागून आहे.

मी नरहरकाकांना विचारलं, जुन्या सामानात माझा चुकून गेला असेल का. ते पटकन म्हणाले, "छे छे, मी स्वतः एकेक मोजून दिलाय बेटा. तुझा त्यात कसा जाईल?" एवढ्या पटकन काका कधी बोलत नाहीत. एरवी त्यांना चहा हवा की नको हे सांगायलाही सुपारी संपवावी लागते.

शुक्रवारी रजा टाकली आणि ऑटो करून बाबांना घेऊन बीरगांवला, त्या भंगारवाल्याकडे गेले. बाबा सारा रस्ता कुरकुरत होते. कबाड्याच्या दारात कोणी शहाणं माणूस जाते का, तो काय तुले देऊन राहिला का. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचा वास लागला, ओठांवर काजळी बसायला लागली, तेव्हा कळलं की जवळ आलो.

शालिग्रामचा कबाडखाना शोधायला वेळ लागला नाही. पत्रे आपटल्याचा आवाज, मग वायरी जाळल्याचा वास, मग एक माणूस छत्तीसगढीत म्हणाला, "आ दीदी, देख के, लोहा परे हे." देख के म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. आवाजावरून माणूस बरा वाटला. मी त्याला एकच विचारलं: मंगळवारी शंकर नगरातून जे सामान आणलं, त्यात बोलणारा लॅपटॉप आहे का?

तो एकदम मोकळा झाल्यासारखा बोलू लागला. आहे म्हणाला. चालू आहे का बघायला चार्जर लावून उघडला, तर तो शिव्या देतो. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. बायको घाबरली, तिनं तो पोत्यात गुंडाळून मागच्या खोलीत टाकलाय आणि म्हणते, हे घरात नको.

"उठाते साठ गारी देथे, दीदी." उचलला रे उचलला की शिवी.

त्यानं तो आणला, तारेला लावला, उघडला. थोडा वेळ पंखा घरघरला. आणि मग तो खणखणीत, कोरडा, ओळखीचा आवाज:

"हात नको लावू. पासवर्ड."

बाबा आठवड्यात पहिल्यांदा हसले. मला मात्र हसू येईना. मी दोन्ही हातांनी तो चाचपला. डावीकडचा टवका, के-च्या बटणावर मी चिकटवलेला मेणाचा ठिपका, सगळं जागच्या जागी. मी पासवर्ड घातला आणि शेवटचं पत्र उघडलं. मंगळवारी जेवायच्या आधी जिथे थांबले होते, तिथूनच तो पुढे वाचू लागला.

शालिग्रामला मी सांगितलं की हा कबाड नाही, चोरीचा आहे. तो घाबरला. आपण काही चोरलं नाही म्हणाला, यादीप्रमाणे आणलं. उचलताना त्यानं विचारलंही होतं की हा तर नवा दिसतो, तर "बाबूजी कहिस, बंद हे, ले जा." यादी खिशातून काढून त्यानं बाबांच्या हातात दिली. बाबांनी बोट फिरवत वाचली. सीपीयू सहा. मॉनिटर सात. प्रिंटर दोन. लॅपटॉप एक, बंद. खाली सही.

"नरहरराव," बाबा म्हणाले.

तो बंद लॅपटॉप मला ठाऊक होता. मार्चमध्ये काकांनीच हसत हसत सांगितलं होतं की स्टोअरमध्ये एक जुना धूळ खात पडलाय, दुकानात दाखवून चालू केला, नात ऋताला शाळेच्या कामाला दिला. मीही हसले होते. बरं केलं काका, म्हटलं होतं. आता ऑफिस हलायचं म्हणून जुनं सामान यादीप्रमाणे द्यायची वेळ आली आणि एक लॅपटॉप कमी. नातीच्या हातून काढून घ्यायचा कसा? शेजारच्या टेबलावर एक होता.

शालिग्रामनं यादीची प्रत आणि लॅपटॉप दोन्ही दिलं. बायको दारातूनच ओरडली, लवकर ने म्हणाली.

परतीच्या ऑटोत लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. बाबा हळूच म्हणाले, "मिळाला ना बेटा. आता जाऊ दे. सोमवारी टेबलावर नेऊन ठेव, म्हण सापडला. तुही माय गेली तेव्हा नरहरराव रातभर बसून होते आपल्या घरी. बुढा माणूस आहे, दोन वर्षांनी रिटायर हुईन. त्याची इज्जत काहून घालवतं?"

मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. त्या खिचडीची चव मला तेव्हाही आठवत होती. पण एक प्रश्न मला सोडत नव्हता.

"बाबा," मी म्हटलं, "ऑफिसात अजून चौघांपाशी लॅपटॉप आहेत. त्याईनं माह्याच काहून उचलला?"

"जवळ होता म्हणून."

"नाही. दुसऱ्या कोणाचा उचलला असता तर तो माणूस चोरी म्हणाला असता, अन् लोकाईनं मानलं असतं. माह्यं कोणी मानणार नाही, हे त्याईले पक्कं माहीत होतं. आंधळी आहे, ठेवला असन कुठीतरी. त्याईनं लॅपटॉप नाही उचलला बाबा, त्याईनं मले उचललं अन् खुर्चीवर नेऊन ठेवलं. अन् खिचडी देणारा हात तोच होता."

ऑटोवाल्यानं गाणं बंद केलं. मी ऑटो घराकडे नको, थान्याकडे घ्यायला सांगितलं.

मुन्शी तोच होता. त्यानं मला ओळखलं, आवाजात हसू होतंच. लॅपटॉप मिळाल्याचं ऐकून म्हणाला, वा, म्हणजे तकरार संपली. मी म्हटलं, नाही, आता लिहायची आहे. त्याच्या टेबलावर मी लॅपटॉप ठेवला, उघडला. इयरफोन लावला नाही, आवाज पूर्ण मोठा केला. "हात नको लावू," तो म्हणाला, आणि थान्यातल्या खुर्च्या एकदम सरकल्या.

मी टाइप करायला लागले. एकेक शब्द तो मोठ्यानं म्हणत होता. पहिला शब्द ऐकून मुन्शी पुढे वाकला. या वेळी तो थट्टा करत नव्हता, खरंच मदत करत होता.

"मैडम, फिर वही. शिकायत लिखिए. तकरार मतलब झगड़ा होता है."

"मालूम है," मी म्हटलं. "पिछली बार गलती से लिखा था. इस बार समझ के लिख रही हूँ."

मी पुढे लिहिलं. मंगळवार, एक पन्नास, मेटाडोर, यादी, शालिग्रामचं नाव, पत्ता. साहेबांचा कागद, शाईचं पॅड. सगळं हिंदीत, आणि तो ते आपल्या नागपुरी मास्तरी आवाजात साऱ्या थान्याला ऐकवत होता. कोणीतरी बाहेरून आत येऊन उभं राहिल्याचं कळलं. मग मुन्शीनं विचारलं, किसके विरुद्ध?

माझी बोटं बटणांवर थांबली. एवढा वेळ खडाखड चालली होती, ती त्या जागी येऊन थांबली. मला एकादशी आठवली, डोक्यावरून फिरलेला हात आठवला. चिडलेल्या माणसालाही एखादं नाव टाइप करणं इतकं जड जातं, हे मला त्या दिवशी कळलं. पंखा फिरत होता. मुन्शी वाट बघत होता.

तेव्हा माझ्या मागून आवाज आला. बारीक नव्हता. रुळांपलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून लावायचे, तसा लावलेला.

"नरहर दत्तोपंत चिंचोळकर," बाबा म्हणाले. "बूढापारा. लिखो साहब. मेरी बेटी ने कुछ नहीं गुमाया."

मी लिहिलं. लिहून झाल्यावर मुन्शीनं छापून घेतलं, कागद माझ्यापुढे ठेवला आणि शाईचं पॅड न काढता माझं बोट सहीच्या जागेवर टेकवलं. मी सही केली. सोमवारी नव्या रायपूरला मला टेबल मिळेल की खुर्ची, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. ते भांडणही मी करणारच होते. मुन्शी म्हणाला, एकदा सगळं वाचून बघा. मी लॅपटॉपला वरून वाचायला लावलं.

"तकरार. मैंने लैपटॉप गुम नहीं किया. वह चोरी हुआ है," तो म्हणाला, आणि शेवटपर्यंत वाचत गेला. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अनू," ते म्हणाले, "अखीन एकदा वाचाले लाव त्याले."